शेतीच्या संगणकीय हिशेबात खात्यांची मांडणी व शोध

शेतीचा जमाखर्च लिहून ठेवावा हे शेतकरी बंधू-भगिनींना आजवर अनेकदा सांगून झाले आहे. बरेच बागायतदार तो लिहितातही. काहींनी वही सोडून संगणकावर हिशेब ठेवण्यास सुरुवात केली आहे. मात्र प्रशिक्षण वर्गात येणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलताना असे आढळून येते की, खरी अडचण लिहिण्यात नसून लिहिलेले वेळेवर सापडण्यात आहे. मार्चअखेर जवळ येते, सोसायटीची बाकी नेमकी किती आणि त्यात मुद्दल किती हे पाहायचे असते, आणि नेमके तेच खाते सापडत नाही. मुदतीत परतफेड केली तर पीककर्जाच्या व्याजात शासनाची सवलत मिळते. तारीख हुकली की ती सवलत गेली. तेव्हा खाते वेळेवर न सापडण्याची किंमत रुपयांत मोजावी लागते.

या लेखात 'खाते' हा शब्द ८-अ च्या उताऱ्यावरील खाते या अर्थाने वापरलेला नाही. जुन्या पद्धतीत व्यापारी रोजकीर्द लिहीत आणि तिच्यावरून खतावणी करीत. खतावणीत प्रत्येक माणसाचे, मालाचे व खर्चाचे स्वतंत्र पान असे. ते पान म्हणजे आपले खाते होय. संगणकीय हिशेबात रोजकीर्द एकदाच लिहावी लागते, खतावणी आपोआप होते. परंतु खतावणीची पाने कोणती असावीत आणि कोणत्या क्रमाने लावावीत हे यंत्र ठरवीत नाही. ते ज्याचे त्यानेच ठरवावे लागते.

कोणता कार्यक्रम वापरावा

घरगुती हिशेबाचे अनेक कार्यक्रम मिळतात. येथे उदाहरणासाठी 'ग्नुकॅश' हा कार्यक्रम घेतला आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये आली. स्वयंसेवकांनी तयार केलेला हा कार्यक्रम विनामूल्य मिळतो आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्ही प्रकारच्या संगणकांवर चालतो. तो द्विनोंदी पद्धतीचा आहे, म्हणजे प्रत्येक रक्कम कोठून आली आणि कोठे गेली या दोन्ही बाजू लिहाव्याच लागतात. खात्यांची नावे देवनागरीत लिहिता येतात. आपल्याकडे दुसरा कार्यक्रम असेल तरी मांडणीची तत्त्वे तीच राहतात. फक्त कळांची व यादींची नावे बदलतील.

प्रथम नवीन वही उघडताना हा कार्यक्रम खात्यांचा तयार आराखडा देऊ करतो. तो आराखडा पगारदार कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. त्यात पगार आहे, मोटारगाडी आहे, पण बेणे नाही आणि पशुखाद्यही नाही. त्यातील पाच मुख्य गट तेवढे ठेवावेत व बाकीची खाती काढून टाकावीत. नोंदी सुरू होण्यापूर्वी हे काम सोपे असते.

पाच मुख्य गट असे: मालमत्ता, देणी, भांडवल, उत्पन्न आणि खर्च. जगातला कोणताही व्यवहार या पाचांतल्या कोणत्या तरी दोन खात्यांमध्ये होतो. भांडवल या गटाकडे शेतकऱ्याला वर्षातून एकदाच, आरंभीच्या शिलकेपुरते, पाहावे लागते. उरलेल्या चारांची मांडणी नीट केली की झाले.

देणी आणि मालमत्ता

सर्वात जास्त घोटाळा होतो तो कर्जाच्या बाबतीत. सोसायटीकडून पीककर्जाचे १,५०,००० रुपये बचत खात्यात जमा झाले की बरेचजण ते 'जमा' म्हणून उत्पन्नात धरतात, आणि वर्षअखेर शेती फायद्यात दिसते. कर्ज हे उत्पन्न नव्हे. बँकेतील शिल्लक वाढली आणि त्याच वेळी देणेही तेवढेच वाढले, अशी नोंद झाली पाहिजे. परतफेडीच्या वेळी मुद्दल देण्याच्या खात्यात कमी करावे आणि फक्त व्याज खर्चात लिहावे.

देणी या गटाखाली प्रत्येक सावकाराचे, म्हणजे ज्याचे ज्याचे देणे आहे त्याचे, स्वतंत्र खाते असावे. विकास सोसायटीचे पीककर्ज, बँकेचे मध्यम मुदतीचे कर्ज, सोनेतारण कर्ज, कृषी सेवा केंद्राची उधारी, पाहुण्यांकडून घेतलेली हातउसनी रक्कम, सगळी वेगळी. दोन दुकानांतून उधारीवर माल येत असेल तर दोन खाती काढावीत. 'दुकान उधारी' असे एकच खाते ठेवले तर दिवाळीनंतर कोणाचे किती द्यायचे ते सांगता येत नाही आणि दुकानदाराच्या वहीवर विसंबून राहावे लागते.

मालमत्तेत रोख रक्कम, बँकेतील खाती, ठेवी, दुसऱ्याकडून येणे आणि स्थिर मालमत्ता असे पोटगट करावेत. मजुरांना वा टोळीला दिलेली उचल ही खर्चात लिहू नये. ती 'येणे' या पोटगटात लिहावी आणि काम होईल तशी मजुरीच्या खर्चात वळवावी. ठिबक संच, मोटार, ट्रॅक्टरची अवजारे ही अनेक वर्षे टिकणारी असल्याने स्थिर मालमत्तेत लिहावीत. ठिबकचा सगळा खर्च एकाच उसाच्या माथी मारला तर त्या उसाचा ताळेबंद नुकसानीत जातो आणि पुढची पिके फुकटात पिकल्यासारखी दिसतात. घसाऱ्याच्या नोंदी कार्यक्रमात करता येतात, परंतु पहिल्या वर्षी त्या भानगडीत पडू नये, असे माझे मत आहे. संचाची किंमत त्याच्या अपेक्षित आयुष्याच्या वर्षांनी भागून येणारा आकडा पिकाचा हिशेब करताना कागदावर मिळवला तरी पुरते.

बँक आणि पतसंस्था यांचे पोटगट वेगळे करण्यास मी आवर्जून सांगतो. बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. २०२० पासून ही मर्यादा प्रत्येक बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाख रुपये करण्यात आली. पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही. दोन्हीकडे आपले किती पैसे आहेत हे एका नजरेत दिसले पाहिजे.

पीक आधी की खर्चाचे कलम आधी

खर्चाच्या गटात मात्र थांबून विचार करावा लागतो, कारण येथे दोन वाटा फुटतात. 'खर्च – खते – ऊस' अशी मांडणी करता येते किंवा 'खर्च – ऊस – खते' अशीही. खात्यांची रचना झाडासारखी असते. एका फांदीला दोन बुंधे असू शकत नाहीत, त्यामुळे एकच क्रम निवडावा लागतो. घरी खताचा एकूण खर्च किती झाला यापेक्षा ऊस परवडला की कांदा, हा प्रश्न शेतकऱ्याला अधिक वेळा पडतो. म्हणून पीक वर व कलमे त्याखाली, हाच क्रम बहुतेकांनी घ्यावा.

प्रत्येक पिकाखाली कलमांची नावे अगदी तीच ठेवावीत. पूर्वमशागत, बियाणे, खते, पीकसंरक्षण, मजुरी, पाणी व वीज, काढणी व वाहतूक, एवढी सात कलमे पुष्कळ होतात. एका पिकाखाली 'खते', दुसऱ्याखाली 'रासायनिक खत' आणि तिसऱ्याखाली 'खत-औषध' असे लिहिले की पुढे तिन्ही एकत्र करता येत नाहीत. नावे सारखी असतील तर कार्यक्रमातील व्यवहार अहवालात खात्याच्या नावाची चाळणी 'खते' अशी लावून सगळ्या पिकांच्या खतांची यादी एका पानावर काढता येते. म्हणजे दुसऱ्या वाटेचा फायदाही मिळतो.

पुढचा प्रश्न हंगामाचा. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि पुढच्या वर्षीच्या गळीत हंगामात तुटतो. त्याचा खर्च दोन आर्थिक वर्षांत विभागला जातो आणि बिल दुसऱ्या वर्षात येते. केवळ एप्रिल ते मार्च असा हिशेब काढला तर पहिल्या वर्षी ऊस तोट्यात आणि दुसऱ्या वर्षी भरघोस नफ्यात दिसेल, आणि दोन्ही खोटे असेल. यासाठी पिकाचे खाते आर्थिक वर्षाचे न काढता लागणीचे काढावे. उदाहरणार्थ, 'ऊस – आडसाली – विहिरीचे रान – २०२५'. पहिल्या नांगरटीपासून शेवटच्या बिलापर्यंतच्या नोंदी याच खात्याखाली याव्यात. खोडवा ठेवला तर त्याला नवे खाते द्यावे. बेण्याचा व लागणीचा खर्च नसलेल्या उसाची लागणीच्या उसाशी मिसळ करू नये. अहवाल काढताना तारखा हव्या तशा देता येतात, त्यामुळे एप्रिल-मार्चचा हिशेबही याच नोंदींवरून निघतो.

कांद्याचे उलट आहे. खरीप, रांगडा व उन्हाळी हे तीन हंगाम वेगळे, आणि उन्हाळी कांदा चाळीत राहून महिनोन्महिने विकला जातो. येथे खर्च लवकर थांबतो पण उत्पन्नाच्या नोंदी लांबतात. उत्पन्न गटातही 'कांदा – उन्हाळी – २०२५' हे नाव अक्षरशः तसेच ठेवावे, म्हणजे दोन्ही बाजूंची खाती एकाच शोधात पुढे येतील. काहीजण विचारतात की, उसाचे उत्पन्न आणि खर्च एकाच मोठ्या खात्याखाली का ठेवू नये? उत्पन्न व खर्च ही खाती एकमेकांखाली ठेवण्यास कार्यक्रमाची हरकत नसते, परंतु अहवालात दोहोंची सरमिसळ होऊन वाचणारा गोंधळतो. देण्याचे खाते तर खर्चाखाली ठेवताच येत नाही. तेव्हा गट वेगळे, नावे सारखी, हे बरे.

जो खर्च एका पिकाचा नाही तो 'सामाईक खर्च' या खात्यात टाकावा: शेतसारा, बांधबंदिस्ती, ट्रॅक्टरची दुरुस्ती. या खात्यावर नजर ठेवावी. आळसाने सगळेच तेथे पडू लागले की पिकांची खाती रिकामी राहतात.

दुग्धव्यवसायाचे उत्पन्न व खर्च पिकांपासून पूर्ण वेगळे ठेवणे दोन कारणांनी आवश्यक आहे. एक तर गोठा पिकाच्या पैशावर चालतो की पीक गोठ्याच्या पैशावर, हे कळते. दुसरे असे की, आयकराच्या दृष्टीने दुधाचे उत्पन्न हे शेतीउत्पन्न नाही. शेतीउत्पन्नावर आयकर नसला तरी दूध, दुकान, भाडे किंवा पगार यांचे उत्पन्न वेगळे दाखवावे लागते, आणि त्यावरील कराचा दर ठरवताना शेतीउत्पन्न हिशेबात घेतले जाऊ शकते. वर्षअखेर कर सल्लागारापुढे बसून दूध कोणते आणि ऊस कोणता हे आठवत बसण्यापेक्षा खाती आधीच वेगळी असलेली चांगली. पीएम-किसान व नमो शेतकरी योजनेचे हप्ते 'शासकीय साहाय्य' या उत्पन्न खात्यात जावेत, पिकाच्या उत्पन्नात नव्हे.

घरखर्चाचा गट शेतीखर्चाच्या शेजारी, पण स्वतंत्र ठेवावा. दवाखाना, शिक्षण, किराणा, लग्नकार्य. पीककर्जातून दवाखान्याचे बिल भरले गेले असेल तर तसेच लिहावे. हिशेबाला लाज नसते.

घरची राबणूक या खात्यांत येत नाही, कारण तिच्यात पैसा हातातून जात नाही. उत्पादन खर्च काढताना तिचे मूल्य धरतात, म्हणून घरातील माणसांचे दिवस निराळ्या वहीत किंवा नोंदीच्या टिपणात लिहून ठेवावेत. खोटी रोख नोंद करून मजुरी दाखवू नये. तसे केल्यास रोख शिल्लक कधीच जुळणार नाही.

आराखड्याचा नमुना

दोन हेक्टर बागायत, ऊस, कांदा आणि दोन गाई असलेल्या कुटुंबासाठी सुरुवात अशी करता येईल:

१००० मालमत्ता
११०० रोख
१२०० बँका – १२१० जिल्हा बँक बचत, १२२० राष्ट्रीयीकृत बँक बचत, १२३० मुदत ठेवी
१३०० पतसंस्था
१४०० येणे – १४१० मजूर उचल, १४२० हातउसने दिलेले
१५०० स्थिर मालमत्ता – १५१० ठिबक संच, १५२० मोटार व पाइपलाइन, १५३० जनावरे
२००० देणी
२१०० सोसायटी पीककर्ज
२२०० मध्यम मुदत कर्ज
२३०० दुकान उधारी – प्रत्येक दुकानाचे वेगळे
३००० भांडवल
४००० उत्पन्न
४१०० ऊस, ४२०० कांदा, ४३०० दूध, ४४०० शासकीय साहाय्य
५००० खर्च
५१०० ऊस, ५२०० कांदा, ५३०० गोठा, ५८०० सामाईक खर्च
६००० घरखर्च

यातील घरखर्च हे खाते खर्च प्रकाराचेच आहे; फक्त शेतीपासून दूर दिसावे म्हणून त्याला वेगळा क्रमांक दिला आहे. क्रमांकांत मुद्दाम मोकळ्या जागा सोडल्या आहेत. उद्या द्राक्षे लावली तर ५४०० तयार आहे. क्रमांक नसतील तर खाती नावाच्या वर्णक्रमाने लागतात आणि 'उन्हाळी कांदा' उसाशेजारी तर 'रांगडा कांदा' पार खाली जाऊन बसतो. खात्यांच्या यादीत क्रमांकाचा रकाना दिसत नसेल तर तो दाखवून घ्यावा आणि रकान्याच्या शीर्षकावर एकदा टिचकी मारावी. यादी क्रमांकाने लागते.

वरची जी खाती नुसती शीर्षके आहेत, जसे 'खर्च' किंवा 'बँका', त्यांच्या माहितीत 'प्लेसहोल्डर' या शब्दापुढे खूण करावी. मग त्या खात्यात नोंद करता येत नाही. घाईत 'ऊस' या शीर्षकावरच रक्कम लिहिली जाऊन कलम राहून जाते, ते यामुळे टळते.

कापलेले बिल पूर्ण लिहावे

मांडणी कितीही चांगली असली तरी नोंद अर्धी झाली तर खाते सापडूनही उपयोग नसतो. आपल्याकडे शेतमालाचे पैसे बहुधा कपात होऊन हाती येतात. कारखान्याचे उसाचे बिल समजा २,४०,००० रुपयांचे झाले. त्यातून सोसायटीचे १,५०,००० रुपये परस्पर वळते झाले आणि बँकेत ९०,००० रुपये जमा झाले. पासबुकात ९०,००० एवढेच दिसतात. तेवढीच नोंद केली तर दोन खाती एकदम चुकतात. उसाचे उत्पन्न दीड लाखाने कमी दिसते आणि सोसायटीचे देणे फिटूनही हिशेबात तसेच राहते.

यासाठी विभागलेली नोंद करावी. एकाच व्यवहारात बँक ९०,००० रुपये वाढ, सोसायटी पीककर्ज १,५०,००० रुपये घट, आणि समोर ऊस उत्पन्न २,४०,००० रुपये. वळत्या रकमेत व्याज असेल तर तेवढे व्याजाच्या खर्चात वेगळे काढावे. दुधाच्या दहा दिवसांच्या बिलातून पशुखाद्य कापले जाते, तेथेही हीच रीत. बाजार समितीतील कांद्याच्या पट्टीवर हमाली व तोलाई कापलेली असते. २४ क्विंटल कांदा १,५०० रुपये दराने गेला तर उत्पन्न ३६,००० रुपयेच लिहावे आणि कपात 'काढणी व वाहतूक' या कलमात दाखवावी. मग दर पडला की कपात वाढली, हे निदान कळते.

खरेदीतही विभागणी लागते. ४५ किलोच्या युरियाच्या ८ गोण्या २६६.५० रुपये दराने आणल्या तर एकूण २,१३२ रुपये होतात. त्यातील ५ उसाला आणि ३ कांद्याला टाकल्या असतील तर १,३३२.५० रुपये उसाच्या खतात व ७९९.५० रुपये कांद्याच्या खतात लिहावेत. पावती एकच, नोंद एकच, खाती दोन.

खाते कसे शोधावे

शंभराच्या आसपास खाती झाली की यादी उलगडून पाहणे वेळखाऊ होते. अशा वेळी 'एडिट' या यादीतील 'फाइंड अकाउंट' वापरावे. नावाचा थोडा भाग लिहिला तरी जुळणारी सर्व खाती पूर्ण मार्गासह दिसतात. मार्ग म्हणजे 'खर्च:ऊस:खते' अशी अपूर्णविरामाने जोडलेली साखळी. तीन पिकांखालची तीन 'खते' या मार्गामुळेच ओळखू येतात.

खाते नव्हे तर एखादा व्यवहार शोधायचा असेल तर 'एडिट' मधील 'फाइंड' निवडावे. तपशील, तारीख, रक्कम अशा अटी एकत्र लावता येतात. सर्व खात्यांत शोध घ्यायचा तर मुख्य खातेयादीच्या पानावरून शोध सुरू करावा. हा शोध उपयोगी पडावा म्हणून तपशिलात वस्तूचे नाव आधी लिहावे: 'युरिया, ८ गोण्या', 'क्लोरपायरिफॉस, १ लिटर'. 'दुकानातून माल आणला' असा तपशील लिहिला तर तो दोन वर्षांनी कोणालाच काही सांगत नाही. सापडलेल्या नोंदीवरून 'जंप' ही कळ दाबली की तीच नोंद समोरच्या खात्यात कोठे आहे तेथे आपण पोहोचतो.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. संगणक अक्षरे पाहतो, अर्थ पाहत नाही. 'ऊस' लिहिले असेल तर 'उस' शोधून ते मिळणार नाही. 'सोसायटी' आणि 'सोसायटि', 'मजुरी' आणि 'मजूरी' हे त्याच्या लेखी निरनिराळे शब्द आहेत. आपण 'ऊस' लिहितो पण पुढे प्रत्यय आला की 'उसाचे' होते, तेही शोधात निसटते. तसेच '२०२५' मराठी अंकांत आणि इंग्रजी अंकांत लिहिलेले वेगवेगळे ठरते. घरात हिशेब लिहिणारी माणसे दोन असतील तर नावांची एक यादी करून संगणकाजवळ चिकटवावी आणि दोघांनी तिच्यातूनच नावे घ्यावीत. खात्याचे नाव नेहमी मूळ शब्दाने सुरू करावे, विशेषणाने नाही: 'कांदा – उन्हाळी', 'उन्हाळी कांदा' नव्हे.

खाते काढले होते पण आता दिसतच नाही, अशी तक्रार हमखास येते. खाते सहसा गेलेले नसते. ते लपवलेले असते, किंवा शून्य शिलकेची खाती न दाखवण्याची चाळणी लागलेली असते, किंवा ते चुकीच्या शीर्षकाखाली जाऊन बसलेले असते. 'व्ह्यू' यादीतील 'फिल्टर बाय' उघडून लपवलेली व शून्य शिलकेची खाती दाखवा, या दोन्ही खुणा कराव्यात. फेडून झालेल्या कर्जाचे खाते शून्यावर असते आणि नेमकी त्याचीच नोंद बेबाकी दाखला मागताना पाहायची असते. चुकीच्या शीर्षकाखालील खाते सापडले तर त्याची माहिती उघडून वरचे खाते बदलावे. सगळ्या नोंदी त्याच्याबरोबर जातात. नाव बदलले तरी जुन्या नोंदींत ते आपोआप बदलते. कागदी खतावणीत हे काम पानेच्या पाने पुन्हा लिहून करावे लागे.

संपलेल्या हंगामाची खाती पुसून टाकू नयेत. पुसताना त्यातील नोंदी कोठे हलवायच्या असे कार्यक्रम विचारतो, आणि घाईने दिलेल्या उत्तराने दोन पिकांचे हिशेब कायमचे मिसळतात. शेवटचे बिल जमा झाले, मजुरांची उचल फिटली की त्या लागणीच्या खात्याला 'हिडन' ही खूण करावी. रोजच्या यादीतून ते दूर होते, पण तीन वर्षांच्या उसाची तुलना करायची म्हटली की पुन्हा समोर आणता येते.

घरच्यांना सापडेल असे

हिशेब बहुतेक घरांत एकच माणूस ठेवतो. तो आजारी पडला किंवा अचानक गेला तर कोणत्या बँकेत काय आहे आणि कोणत्या पतसंस्थेची पावती कोठे ठेवली आहे, हे घरात कोणालाच माहीत नसते. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात; त्यांचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले. मात्र पतसंस्था आणि विकास सोसायट्या त्या व्यवस्थेत येत नाहीत. तेथील ठेवीचा व भागांचा मागमूस घरच्या हिशेबातच असला पाहिजे.

प्रत्येक खात्याच्या माहितीत टिपणासाठी जागा असते. ठेवीच्या खात्यात शाखा, पावतीची मुदत संपण्याची तारीख, वारसाचे नाव आणि मूळ पावती ठेवल्याची जागा लिहावी. कर्जाच्या खात्यात परतफेडीची अंतिम तारीख व जामीनदार लिहावेत. एटीएमचा गुप्त क्रमांक किंवा पासवर्ड येथे कदापि लिहू नये. हिशेबाच्या फाइलची प्रत आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि तो पेन ड्राइव्ह संगणकाजवळ न ठेवता कागदपत्रांच्या पेटीत ठेवावा.

पासबुक भरून आणल्यावर दर महिन्याला बँकेच्या खात्याचा ताळमेळ घ्यावा. कार्यक्रमात त्यासाठी वेगळी खिडकी आहे. पासबुकातील शेवटची शिल्लक लिहून एकेका नोंदीवर खूण करीत जायचे. जी नोंद उरते ती बहुधा बँकेने परस्पर कापलेली रक्कम असते, विम्याचा हप्ता किंवा संदेशसेवेचा आकार.

मांडणी पूर्ण झाल्यावर तिची एक परीक्षा घ्यावी. स्वतः बाजूला बसावे आणि पत्नीला, मुलाला किंवा सुनेला चार गोष्टी शोधण्यास सांगावे: सोसायटीची आजची बाकी, ठेवीची मुदत कधी संपते ती तारीख, मागच्या कांद्याची शेवटची पट्टी आणि कृषी सेवा केंद्राचे देणे. मध्ये बोलू नये. त्या जेथे अडखळतील किंवा ज्या नावाने शोधू पाहतील ते कागदावर टिपून घ्यावे, आणि त्याच संध्याकाळी खात्याचे नाव त्यांनी शोधले त्याप्रमाणे बदलून टाकावे.